जुना वी रिमोट घेताय? आधी दोरी बघा

निन्टेन्डो कंपनीच्या वी या व्हिडिओ गेमचा, हातात धरून झोकात फिरवायचा रिमोट सेकंडहँड घेणार असाल तर बटणं मागाहून दाबून बघा, आधी त्याच्या बुडाशी ओवलेली दोरी बघा. बटणं बिघडली तर खेळ बंद पडेल, एवढंच. दोरी चुकीची असली तर ती तुटून रिमोट उडेल आणि समोरचा टीव्ही जाईल.

मी चिंचवडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. गाड्यांचे पार्ट मोजायचे, पास किंवा रिजेक्ट करायचे, आणि रिजेक्ट केल्यावर प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या खायच्या. रिटायर झाल्यापासून वर्षातले काही महिने लेकीकडे बेलव्ह्यूला असतो, सिअॅटलच्या शेजारी. निन्टेन्डोचं अमेरिकेतलं मुख्य ऑफिस इथून जवळच आहे, रेडमंडला. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, अजून बॅगेत असतो.

नातीसाठी जुन्या सामानाच्या दुकानातून वी आणला. पांढरा डबा, बरोबर वी स्पोर्ट्स या खेळाची डिस्क आणि तीन रिमोट. तिघांच्या तीन तऱ्हा. एकाला बारीक दोरी, एकाला जाड, तिसऱ्याची दोरी गायब. तिन्ही एकाच पिशवीत, एकाच भावात. दुकानातल्या पोराला फरक विचारला तर त्याने खांदे उडवले. त्याचंही बरोबर आहे म्हणा, हा खेळ बाजारात आला तेव्हा तो पाळण्यात असणार.

रिमोट हातातून उडू नये म्हणून मनगटात घालायचा पट्टा असतो, त्याचे दोन भाग. मनगटाभोवती येते ती चपटी विणलेली फीत, ती दणकट आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिच्या टोकाला एक गोल बारीक दोरी असते आणि तीच रिमोटला धरून ठेवते. म्हणजे सगळा झटका येणार तो तिच्यावर. मोबाइलला पूर्वी शोभेची बाहुली टांगायचे, त्या जातीची दोरी. असली मऊ वस्तू व्हर्नियरमध्ये आवळली की आकडा खोटा येतो, म्हणून जबडे नुसते टेकवून, दोरी फिरवून फिरवून वाचन घेतलं. बारीक दोरी 0.6 मिलिमीटरच्या आसपास, जाड दोरी 1 मिलिमीटरच्या. कंपनीने जाहीर केलेले आकडेही हेच आहेत.

ऐकायला फरक चार दशांशांचा. पण दोरी ताण घेते ती छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गाने. 0.6 चा वर्ग 0.36. धागा तोच असेल तर जाड दोरी पावणेतीन पट ताण सोसणार. ड्रॉइंगवर खोडरबर मारून नवा आकडा लिहायला एक मिनिटही लागत नाही. हा बदल आधीच का सुचला नाही, हे त्या वेळी तिथे इन्स्पेक्शनला असतो तर मी नक्की विचारलं असतं.

वी अमेरिकेत आला 19 नोव्हेंबर 2006 ला. डबा घेतला की वी स्पोर्ट्स बरोबरच मिळायचा: टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग. त्याआधी व्हिडिओ गेम म्हणजे सोफ्यावर बसून अंगठे हलवायचे. इथे एकदम आख्खं घर उभं राहून हात फिरवायला लागलं. काही आठवड्यांतच फुटलेल्या टीव्हींचे, दिव्यांचे, सुजलेल्या कपाळांचे फोटो फिरायला लागले. डिसेंबरात सिअॅटलच्या फेडरल कोर्टात क्लास अॅक्शन, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र, दावा पडला. 15 डिसेंबरला कंपनीने जाहीर केलं की सुमारे 32 लाख पट्टे बदलून देऊ, बारीक दोरीच्या जागी जाड. पुढे ऑक्टोबर 2007 पासून रिमोटला घालायचं सिलिकॉनचं जॅकेटही फुकट वाटलं.

दाव्याची बातमी आली तेव्हा लोक खूप हसले होते. आमचे जावईही अजून हसतात. मी दोऱ्या मोजत बसलो होतो तेव्हा म्हणाले, "बाबा, हात यांचा सुटला, टीव्ही यांचा फुटला आणि पैसे कंपनीने द्यायचे? अमेरिकेत कोणीही कोणावरही केस करतो."

मी म्हटलं, "तुम्ही विटी-दांडू खेळलाय ना? दांडू हातातून सुटून जोशांची काच फुटली तर वडील भरायचे. सुताराकडे कोणी जात नसे. का? तर सुताराने दांडूला पट्टा लावून दिला नव्हता. लावून दिला असता, वर सांगितलं असतं की हा घाला म्हणजे दांडू सुटणार नाही, आणि मग पट्टाच तुटला असता, तर जोशी आणि तुमचे वडील दोघं मिळून सुताराकडे गेले असते."

माझं म्हणणं एवढंच आहे. पट्टा कशासाठी असतो? हात सुटेल म्हणून. हात कधीच सुटणार नसता तर पट्ट्याची गरजच नव्हती. मग पट्टा तुटल्यावर "तुम्ही हात का सोडला?" हे उत्तर कसं चालेल? ज्या दिवसासाठी तो भाग बनवला, त्याच दिवशी तो निकामी ठरला. इन्स्पेक्शनच्या भाषेत, रिजेक्ट.

आता बोलिंगचं बघा. हा मुद्दा मला खेळल्याशिवाय कळला नसता. वी स्पोर्ट्सच्या बोलिंगमध्ये रिमोटच्या पोटाखालचं बी बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, झोकात पुढे आणायचा आणि चेंडू सोडायच्या क्षणी बटण सोडायचं. म्हणजे हात सगळ्यात वेगात असतो नेमक्या त्याच क्षणी खेळ बोटांना सांगतो, सोड. बटणावरचं बोट सोडायचं पण बाकीची चार बोटं आवळून ठेवायची. करून बघा. हाताला इतका बारीक हिशेब जमत नाही. खरा चेंडू टाकताना आपण सगळी बोटं एकदम उघडतो, आणि खेळ खरा वाटावा म्हणून तर सगळी धडपड. माझी नात सात वर्षांची. तिचा तळहात बटण सोडताना दर वेळी थोडा उघडतो, मी शेजारी बसून पाहिलंय. रिमोट गुळगुळीत प्लॅस्टिकचा, वीतभराहून थोडा लहान, आत दोन सेल. घामेजलेल्या हातातून साबणासारखा निसटतो.

तेव्हा हा बेपर्वाईचा प्रकार नाही. वस्तू जशी वापरायला सांगितली तशी वापरल्यावर अधूनमधून हे होणारच होतं, आणि खेळ बनवणाऱ्यांना ते आधी दिसायला हवं होतं.

दाव्यात मागितलं काय होतं, हेही लोक वाचत नाहीत. फुटलेल्या टीव्हीवरून करोडपती व्हायची मागणी नव्हती. दोष दुरुस्त करा, आणि रिमोट बदलून द्या किंवा पैसे परत करा. हे मागणं आपल्याकडचा कोणीही शहाणा गिऱ्हाईक दुकानाच्या काउंटरवरच करतो. कोर्टात गेलं म्हणून ते हास्यास्पद कसं होतं? टीव्हीचा मोठा गाजावाजा झाला तो दोन वर्षांनी, 2008 मध्ये. कोलोरॅडोतल्या एका आईने दावा केला, मुलगा खेळत असताना दोरी तुटून 52 इंची टीव्ही फुटला म्हणून.

जावयांचा मुद्दा मी पूर्ण खोडत नाही. पुस्तिकेत लिहिलंय की पट्टा घाला, टीव्हीपासून निदान तीन फूट लांब उभे राहा, हात ओले झाले तर थांबून पुसा. खेळ चालू करताना पडद्यावर पट्ट्याचं चित्र येतं. ते पाहूनही जो पट्टा न घालता झोडपतो, त्याने आपला टीव्ही आपण घ्यावा. दोरी असूनही रिमोट मुद्दाम भिरकावला तर जाड दोरीही टिकायची नाही, आणि टिकून तरी काय, तेवढा झटका मनगटाला बसेल. सावधगिरीची पाटी लावली म्हणजे काम झालं, हे मात्र मला पटत नाही. प्रेस मशीनला आधी गार्ड, मग पाटी.

कायदाही हा वाद आर-पार धरत नाही. ज्या वॉशिंग्टन राज्यात मी हे लिहितोय तिथे चूक वाटून घेतात. तुमचा निष्काळजीपणा 40 टक्के ठरला तर भरपाई 40 टक्क्यांनी कमी होते, बाकीची मिळते. स्वतःची जबाबदारी आणि कंपनीची जबाबदारी एकाच कागदावर मांडता येते. जेवणाच्या टेबलावर मात्र लोकांना सगळा दोष एकाच माणसाच्या माथी मारायचा असतो.

याच कंपनीचं त्याआधीचं प्रकरण मला जास्त मजेशीर वाटतं. निन्टेन्डो 64 या त्यांच्या जुन्या यंत्रावरचा मारिओ पार्टी हा खेळ. त्यातल्या काही छोट्या खेळांत कंट्रोलरची काडी जितक्या जोरात गोल फिरवाल तितके पुढे जाता. अंगठ्याने वेग येईना म्हणून पोरं तळहात टेकवून गरागरा फिरवायची. काडीचं टोक कडक प्लॅस्टिकचं, हातांना फोड आले, कातडी सोलली. न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाच्या, ऑफिसने चौकशी लावली आणि 2000 मध्ये तडजोड झाली: कंपनीने गिऱ्हाइकांना हातमोजे द्यायचे, एका घराला चारपर्यंत, शिवाय चौकशीखर्चाचे 75,000 डॉलर राज्याला. व्हिडिओ गेमबरोबर हातमोजे! तळहात वापरा असं कंपनीने सांगितलं नव्हतं, हे खरं. पण शर्यत वेगाची ठेवली तर पोरगं वेगाचा रस्ता शोधणारच. मारिओ पार्टी 2 मधून काडी गरगरवायचे खेळ काढून टाकले.

आणि तिसरं, कंपनीच्या स्विच या नंतरच्या यंत्राच्या कंट्रोलरचं, त्याला जॉय-कॉन म्हणतात. इथे तर जबाबदारीचा डोस पाजायला जागाच नाही. काडीला हात न लावता पडद्यावरचा गडी आपला आपण चालायला लागतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारा संपर्क असतो, तो झिजला की सिग्नल भरकटतो. काडी हलवायलाच दिलेली, ती हलवून झिजली, यात गिऱ्हाइकाची चूक कोणती? जुलै 2019 मध्ये याच सिअॅटलच्या कोर्टात दावा पडला. पण डबा उघडल्यावर आपण न वाचता "मान्य" दाबतो ना, त्या अटींत लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टात न नेता खाजगी पंचापुढे न्यायचा. 2020 मध्ये कोर्टाने प्रकरण लवादाकडे पाठवलं. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत जॉय-कॉनच्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी 2021 मध्ये जवळजवळ 25,000 तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगाकडे नेल्या, आणि 2023 पासून तिथे वॉरंटी संपलेल्या जॉय-कॉनचाही ड्रिफ्ट फुकट दुरुस्त होतो. फरक पाडला तो एकत्र तक्रार करणाऱ्यांनी.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे आणि त्यात सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीचं वेगळं प्रकरण आहे. त्यात हानीची व्याख्या अशी, की मालाने दुसऱ्या मालमत्तेचं केलेलं नुकसान हानीत येतं, खुद्द त्या मालाचं येत नाही. म्हणजे टीव्ही फुटला ती हानी. दोरी तुटली ती नाही, तिच्यासाठी सदोष मालाची साधी तक्रार. कलम 87 विक्रेत्याला सूट देतं, माल चुकीचा वापरला किंवा त्यात फेरफार केला असेल तर. आणि धोका उघड, सर्वांना ठाऊक असेल तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मात्र बिल हवं. आपल्याकडे परदेशी गेमचं सामान बिनबिलाचं, "वॉरंटी नाही, बघून घ्या" म्हणत विकलं जातं. बिलाशिवाय घेतलंत तर ग्राहक आयोगापुढे घसा कोरडा करून उपयोग नाही.

आता वस्तूबद्दल. खेळ अजून झकास आहे. नातीबरोबर माझी बायकोही टेनिस खेळते आणि मला हरवते. सेन्सर बार, म्हणजे रिमोटचा नेम ओळखायला लागणारी बारीक पट्टी, टीव्हीखाली नीट मध्यावर ठेवा, खिडकीतून ऊन थेट येत असेल तर पडदा ओढा, नाहीतर टीव्हीवर नेम दाखवणारा हाताचा पंजा थरथरतो. नव्या टीव्हीला जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीची जागा नसते, त्यासाठी छोटा अॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो.

सिलिकॉनचं जॅकेट घ्याच. दिसायला ओबडधोबड, धूळ आणि केस धरतं, सेल बदलताना सोलून काढावं लागतं आणि परत चढवताना वैताग येतो. पण पकड मस्त बसते आणि पुढच्या टोकाला जाड गादी असल्यामुळे कपाळ आणि काच दोन्ही वाचतात. खरं तर पट्ट्यापेक्षा जॅकेटच कामाचं. पट्टा हात सुटल्यावर उपयोगी पडतो, जॅकेट हात सुटूच देत नाही.

बारीक दोरी मी कात्रीने कापून टाकली, उगाच कोणाच्या हाती लागायला नको. त्या रिमोटला आणि तिसऱ्या बोडक्याला नवे पट्टे ऑनलाइन मागवले. मूळ कंपनीचे नाहीत, पण दोरी मोजून घेतली, 1 मिलिमीटरच्या खाली नाही. रिमोट साडेचार तारे, जाड पट्टा चार, जॅकेट पाच, बारीक दोरी शून्य. दुकानात तीन रिमोट एका भावात दाखवले तर जॅकेट आणि जाड दोरीवाला उचला, आणि बोडका घ्यायचाच असेल तर नव्या पट्ट्याचे दोन-तीन डॉलर भावातून कापून मागा. देतात.