पडद्यावर दाखवलेला तो शुक्राणू माझा नव्हता

आम्हाला मूल होत नव्हतं ते माझ्यामुळे. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकतो. लग्नानंतर पहिली तीन वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या. सोनोग्राफी, हार्मोन्स, गर्भनलिकांचा एक्स-रे. जोतिबाला गुलाल-खोबरं उधळलं, अंबाबाईची ओटी भरली, तेही तिच्याच नावानं. माझी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी झाली आणि रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात एकच शब्द होता : निल. पुन्हा तपासली, पुन्हा निल.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. ज्या एका-दोघांना कळलं त्यांनी भट्टीच्या धगीवर ठपका ठेवला. उष्णतेनं शुक्राणू कमी होतात हे खरं, पण माझं कारण वेगळं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताच्या दोन तपासण्या करायला लावल्या, एक गुणसूत्रांची आणि एक ‘वाय मायक्रोडिलीशन’ची. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर शुक्राणू तयार करण्याशी संबंधित तीन भाग असतात. त्यांना एझेडएफ ए, बी आणि सी म्हणतात. फक्त सी गेलेला असेल तर अंडकोषात थोडेफार शुक्राणू सापडण्याची बऱ्यापैकी आशा असते. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर जवळजवळ नसतेच. माझे बी आणि सी दोन्ही पूर्ण गायब होते. जन्मापासून.

डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन करून शोधू म्हणाल तर मी करणार नाही. काही मिळणार नाही, उगाच अंडकोषाला इजा होईल. डोनरचा विचार करा, नाहीतर दत्तक घ्या. दोघं बोला, घाई नाही.” ऑपरेशनचा एक रुपया त्यांनी घेतला नाही. आणि मी मात्र घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांनाच शिव्या घालत होतो.

पुढे जे झालं त्याचं मूळ या रागात आहे. रिपोर्ट हातात होता, अर्थ समजावून सांगितला होता, तरी मी ‘दुसरं कुणीतरी वेगळं सांगेल’ म्हणून शोधत राहिलो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल. मग मोबाइललाही कळतं काय शोधतोय ते. आठवड्याभरात जाहिरात समोर आली : शून्य शुक्राणू? परदेशात स्वतःचं मूल शक्य.

पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी सेमिनार होता. पंधरा-वीस जोडपी असतील, सगळी एकमेकांकडे न बघता बसलेली. बोलणारा मराठीच, चाळिशीचा, ‘दादा-वहिनी’ करत प्रत्येकाजवळ येणारा. त्यानं सांगितलेलं बरंचसं खरं होतं, हे मला आज सर्वांत जास्त डाचतं. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सी म्हणजे एकच शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायचं तंत्र जगापुढे आणलं, तेव्हापासून कोटींच्या संख्येनं शुक्राणू लागत नाहीत, हे खरं. १९९९ पासून मायक्रो-टेसे नावाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातल्या नळ्या बघून शुक्राणू शोधतात, हेही खरं. जपानमध्ये मूलपेशींपासून (स्टेम सेल) उंदराचे शुक्राणू बनवले, त्यातून पिल्लं जन्मली, तेही खरं. आणि मग त्याच आवाजात, त्याच दमात तो म्हणाला, “तेच आता सायप्रसमध्ये माणसांवर करतात. तुमच्याच पेशींपासून तुमचेच शुक्राणू.”

हे खोटं आहे. प्रयोगशाळेत बनवलेल्या शुक्राणूपासून माणसाचं एकही मूल आजवर जगात जन्मलेलं नाही. तीन खऱ्या गोष्टींच्या पाठीवर बसून एक खोटी गोष्ट आत आली आणि मला ती ओळखता आली नाही.

मी त्याला वाय मायक्रोडिलीशनचा रिपोर्ट दाखवला. त्यानं तो उलटून बघितला आणि परत दिला. “दादा, हे इंडियाचे रिपोर्ट. तिकडची मशिनरीच वेगळी.” फाउंड्रीत कुणी माझ्यासमोर टेस्ट सर्टिफिकेट असं बाजूला सारलं असतं तर मी तो माल गेटवरच अडवला असता. तिथं मी मान हलवली.

“आणि हे कुणाला सांगू नका, अगदी घरीसुद्धा. तुमची प्रायव्हसी ही माझी जबाबदारी,” हे त्याचं वाक्य ऐकून मला तो देवमाणूस वाटला. कुणाला सांगितलं नाही म्हणजे कुणाला विचारताही आलं नाही. माझा आतेभाऊ औषधाच्या दुकानात आहे, त्याला नुसता फोन केला असता तरी चार प्रश्न त्यानं विचारले असते. आईला मी सांगितलं की कंपनीतर्फे तुर्कस्तानला ट्रेनिंग आहे, सोबत हिलाही नेतोय. आईनं बिचारीनं वाटेत खायला लाडू करून दिले.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. हाही आकडा खरा आहे, आणि सेमिनारमधल्या त्या एजंटनं त्यावर तीन महिन्यांचा ‘कोर्स’ विकला. पांढऱ्या डबीत कॅप्सूल, डबीवर नाव नाही, कंपनी नाही, बॅच नंबर नाही. ८५ हजार रुपये. क्लिनिकचं पॅकेज ७,२०० युरो, ‘स्टेम सेल’चे वेगळे २,५०० युरो, वर विमान, व्हिसा, राहणं. सगळं मिळून बारा लाखांच्या पुढे गेलं. पीएफमधून काढले, हिच्या पाटल्या गहाण टाकल्या. पैसे क्लिनिकच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या खात्यावर गेले आणि पावती मिळाली ‘टूर पॅकेज’ची.

क्लिनिक सायप्रस बेटाच्या उत्तर भागात होतं. या उत्तर सायप्रसबद्दल थोडं सांगतो, कारण जाण्याआधी मला काहीच माहीत नव्हतं. १९८३ साली त्या भागानं स्वतःला वेगळा देश जाहीर केलं, पण तुर्कस्तान सोडून कुणीही त्याला मान्यता दिलेली नाही, भारतानंही नाही. विमानं तुर्कस्तानमार्गेच जातात. तुर्कस्तानात दुसऱ्याचं वीर्य किंवा स्त्रीबीज वापरायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून तिथली जोडपी या बेटावर येतात आणि त्यातून तिथं हा धंदा वाढला. तिथली सगळीच क्लिनिकं फसवी आहेत असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की काही बिनसलं तर भारतीय माणसानं तिथं दाद मागायची कुठं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

हिची इंजेक्शनं कोल्हापुरातच सुरू झाली होती. तिथं पोचल्यावर सहाव्या दिवशी स्त्रीबीजं काढली, अकरा मिळाली. त्याच दिवशी मला भूल दिली. त्याआधी नर्सनं एक फाइल पुढे केली. आठ-नऊ पानं, सगळी तुर्की भाषेत, जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं फुल्या. इंग्रजी प्रत मागितली तर ती हसून म्हणाली, “सेम, सेम.” एजंट फोनवर म्हणाला, “दादा, भूल द्यायची परवानगी आहे ती, सही करून टाका.” हिला शंका आली. तिनं मोबाइलवर पानांचे फोटो काढले, नर्स नको म्हणत असतानाही. मग आम्ही दोघांनी सह्या केल्या.

दुपारी मला चाकाच्या खुर्चीतून एका खोलीत नेलं. भिंतीवर पडदा होता. पांढऱ्या टोपीतल्या मुलीनं काहीतरी फिरवलं आणि पडद्यावर एक ठिपका आला, शेपटी हलवणारा. ती म्हणाली, “युवर्स.” मी रडलो. टाके दुखत होते, तरी उठून पडद्याजवळ गेलो आणि तिथं बोट लावलं. पडद्याची काच कोमट होती. एवढ्या वर्षांत मी स्वतःला जितकं कमी समजत आलो होतो ते सगळं त्या मिनिटात धुऊन गेलं. हे मी मुद्दाम लिहितोय. माझ्याजागी जो असेल त्याला ते मिनिट खरंच वाटणार, कितीही शिकलेला असो.

पाच गर्भ तयार झाले म्हणाले. दोन हिच्या गर्भाशयात सोडले, तीन गोठवले. कोल्हापुरात येऊन बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भ राहिला का ते कळणारी रक्ततपासणी केली, ३१ आलं. दोन दिवसांनी ९. म्हणजे गर्भ रुजायला लागला आणि गळून गेला. एजंट म्हणाला, “वहिनी, निम्मी लढाई जिंकलोय. गोठवलेले आहेत की! ३,५०० युरो भरा, पुढच्या महिन्यात निघू.” आम्ही म्हटलं आधी क्लिनिकचा सविस्तर रिपोर्ट द्या, शुक्राणू किती मिळाले, कुठून मिळाले. आज देतो, उद्या देतो. मग फोन बंद.

खरं काय ते आम्हाला स्वयंपाकघरात कळलं. हिनं ते फोटो काढून ठेवले होते. एका संध्याकाळी भाजी शिजत असताना ओट्याशी उभी राहून ती भाषांतराच्या अॅपमधून एकेक पान बघत होती. मला हाक मारली, “अहो, इकडं या जरा.” पाचव्या पानावर ‘दोनॉर’ हा शब्द तीनदा होता. पतीचे शुक्राणू न मिळाल्यास दात्याचे वापरण्यास आमची संमती आहे, असा मजकूर. खाली माझी सही, तिच्या खाली हिची. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

पुण्याच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका शब्दानंही टोचलं नाही. म्हणाले, “बी आणि सी दोन्ही पूर्ण गेलेले असताना शुक्राणू मिळाला असं कुणी सांगितलं तर तो तुमचा असण्याची शक्यता मी धरणार नाही.”

डोनरला आमचा विरोध होता असं नाही. कदाचित वर्षभरानं आम्ही दोघं बोलून हो म्हणालो असतो. पण मग ते आमचं हो असतं. दाता कोण, त्याचा रक्तगट काय, त्याच्या एचआयव्ही, कावीळ, थॅलेसेमियाच्या तपासण्या झाल्या होत्या का, काहीच माहीत नाही. गर्भ राहिला असता तर आम्ही ते मूल आयुष्यभर माझ्या रक्ताचं समजून वाढवलं असतं आणि कधीतरी एखाद्या तपासणीत त्याला भलत्याच वेळी कळलं असतं. मला रात्री झोप लागत नाही ती पैशापेक्षा या विचारानं.

इथं काय होतं ते आम्हाला नंतर कळलं. भारतात २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून लागू. क्लिनिक नोंदणीकृत पाहिजे, दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेकडूनच घ्यायचं, दात्याच्या तपासण्या बँकेनं करायच्या, नवरा-बायको दोघांची लेखी संमती घ्यायची. एका दात्याचं वीर्य एकाहून जास्त जोडप्यांना देता येत नाही. आणि मूलपेशींच्या नावावर वंध्यत्वावर ‘उपचार’ विकायला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परवानगीच नाही. असलाच तर नोंदवलेला प्रयोग, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी प्रायोगिक उपचाराचे पैसे मागतोय, इथंच उठून यायचं.

ज्यांचा रिपोर्ट निल आला आहे त्यांना कळकळीनं सांगतो, निल म्हणजे सगळं संपलं असं नसतं, पण निल का आहे हे कळल्याशिवाय एक रुपया भरू नका. शुक्राणू बाहेर येण्याची वाट बंद असेल तर आत शुक्राणू असतात आणि ते सुईनं काढता येतात, इथंच, पुण्या-मुंबईत. फक्त सी गेलेला असेल किंवा क्लाइनफेल्टर (जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र) असेल तर मायक्रो-टेसेत बऱ्याच जणांना मिळतात, तेही इथंच. आमच्याच शॉपमधल्या एका पोराचा रिपोर्ट निल होता. जिममध्ये कुणीतरी अंग भरायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती. त्यानं शुक्राणू बनायचेच थांबतात हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ती बंद करून औषधं दिली, आठ-नऊ महिन्यांत शुक्राणू परत आले. तो जर माझ्या एजंटच्या हाती सापडला असता तर ते श्रेय सायप्रसला गेलं असतं.

तक्रारीचं सांगतो. एजंटवर पोलिसांत गुन्हा नोंदवला. नवा फौजदारी कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, घटना त्याआधीची, म्हणून फसवणुकीचं जुनं कलम ४२० लागलं. ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे, त्याला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, ती हातची घालवू नका. पावतीवर ‘टूर पॅकेज’ लिहिल्यामुळे समोरचा वकील म्हणतो की सहल तर झालीच ना. हिनं काढलेले ते फोटो नसते तर आमच्या हातात काहीच नव्हतं. क्लिनिकचं काय, तर ते हद्दीबाहेर.

आईला मी मागच्या दिवाळीत सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग सुनेजवळ जाऊन म्हणाली, “तुझ्या पाटल्या आधी सोडवून आणू.”

तीन गर्भ अजून तिकडं आहेत. दरवर्षी क्लिनिकचा ईमेल येतो : साठवणुकीचे ३०० युरो भरा, नाहीतर नष्ट करायला संमती द्या. इकडं आणायचे म्हटलं तर २०१५ पासून भ्रूण भारतात आयात करायला बंदी आहे. त्यातला अर्धा भाग कुणाचा ते आम्हाला माहीत नाही, पण अर्धा हिचा आहे. यंदाचा ईमेल हिनं ऑफिसमधून छापून आणला आणि फाइलला लावला. दोन पर्यायांपुढे चौकोन आहेत. तिनं अजून कुठल्याच चौकोनात खूण केलेली नाही, आणि मी तिला विचारत नाही.