आधी कागद की आधी गावठाण?

जीआयएसच्या, म्हणजे माहिती जोडलेले संगणकीय नकाशे तयार करण्याच्या, कामात ग्राहकाची पहिली मागणी बहुधा एका ओळीची असते: ‘शहरातील सर्व मालमत्तांचा नकाशा हवा.’ या ओळीवरून कामाची व्याप्ती ठरवण्याच्या दोन पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत. पहिलीत थरांची (इमारती, रस्ते अशा नकाशातील वेगवेगळ्या स्तरांची) यादी, नकाशाचे प्रमाण, अचूकता आणि स्वीकृतीच्या अटी लिहून घेतात व सह्या झाल्यावरच काम सुरू होते. दुसरीत शहराचा एकच लहान भाग शेवटपर्यंत पूर्ण करतात आणि तो पाहून उरलेल्या कामाची व्याप्ती व दर ठरवतात.

कागदाची बाजू दुबळी नाही. निविदेच्या कामात दुसरा पर्याय क्वचितच असतो, शिवाय काही गोष्टी नमुन्यात दिसतच नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातून 78 अंश रेखांश जाते, त्यामुळे यूटीएम या, पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून प्रत्येक पट्ट्यात जागा स्वतंत्रपणे मोजणाऱ्या पद्धतीत पुसद 43 व्या झोनमध्ये, तर वणी 44 व्या झोनमध्ये येते. जिल्हाभराच्या कामात नमुना पुसदचा घेतला तर हा प्रश्न उद्भवणारच नाही, म्हणून अंतिम फाइल कोणत्या झोनमध्ये द्यायची हे आधीच लिहून घेतलेले बरे. ‘अचूक’ या शब्दाचेही तसेच आहे. 1:1000 प्रमाणाच्या नकाशावरील 0.2 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील 20 सेंटिमीटर, आणि असे आकडे बैठकीत बसून ठरवता येतात.

तरीही माझे मन कागदावरून उडाले ते ‘मालमत्ता’ या एका शब्दामुळे. एका लहान शहराच्या करआकारणीसाठी केलेल्या कामात आमचा मसुदा 30 पानांचा होता, परंतु हा शब्द दोन्ही बाजूंच्या इतका अंगवळणी पडलेला होता की त्याची व्याख्या लिहावी असे कोणालाच सुचले नाही. आमच्या लेखी मालमत्ता म्हणजे छताची एक आकृती होती, तर करविभागाच्या लेखी नोंदवहीतील एक क्रमांक. बंगल्यांच्या वसाहतीत दोन्ही एकच निघाले. गावठाणात मात्र एकाच कौलारू छताखाली चार भावांच्या चार चुली आणि चार क्रमांक होते, तर कुठे एकाच क्रमांकावर घर, गोठा आणि मागची पिठाची गिरणी. छताची आकृती ड्रोनच्या छायाचित्रावरून कार्यालयात बसून काढता येते, पण आतल्या चुली मोजायला दारोदार जावे लागते आणि ते काम आम्ही धरलेच नव्हते. दर प्रति मालमत्ता ठरलेला असल्यामुळे वाद थेट बिलापर्यंत गेला. दोन्ही बाजू एकाच पानावर बोट ठेवत होत्या, आणि खरे सांगायचे तर कोणीच खोटे बोलत नव्हते.

पुढच्या कामात आम्ही गावठाणातील सुमारे 200 घरे आधी केली आणि करविभागाच्या लिपिकांना सोबत फिरण्याची विनंती केली. दुसऱ्याच दिवशी एका वाड्यासमोर थांबून त्यांनी विचारले, ‘हे एक धरायचे की पाच?’ छतांचा थर वेगळा, क्रमांकांचा तक्ता वेगळा आणि दोहोंचे दरही वेगळे, हे त्या वाड्याच्या ओट्यावरच ठरले.

या पद्धतीत तीन-चार आठवडे जातात, आणि त्यांचे पैसे स्वतंत्र ठरवले नाहीत तर नमुना फुकटच समजला जातो. ग्राहक सोयीचा भाग पुढे करील, पण आपण सर्वांत गुंतागुंतीचा मागावा, कारण सरळ रेषेतील प्लॉटांचा नमुना कागदाइतकाच फसवा निघतो.

पथदिवे किंवा जलवाहिनीवरील व्हॉल्व्ह यांसारख्या, एक म्हणजे एकच असणाऱ्या वस्तूंचे काम असेल, तर कागद बहुधा पुरेसा ठरावा. जिथे नकाशातील वस्तूची व्याख्या ग्राहकाच्या नोंदवहीत दडलेली आहे, तिथे मी तरी आधी गावठाणात जाईन. निविदापूर्व बैठकीतही असा पहिला टप्पा स्वतंत्रपणे मागून पाहायला हरकत नसावी. मी आजवर दोनदा मागितला, एकदा मिळाला.