पाठभर इसब: मलम लावावं की प्रकाशोपचार घ्यावा?

इसब कोपराच्या लवणीत किंवा पायाच्या घोट्यावर तेवढंच असेल तर फार विचार करू नका. स्टिरॉइडचं मलम लावा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी थांबवा. खरी अडचण चट्टे दोन्ही हातांवर आणि पाठभर पसरले की सुरू होते. माझे तसे पसरले होते. आधी मलम झालं, मग प्रकाशोपचार.

खाज थांबवण्यात मलमाइतकं चपळ मी काही पाहिलं नाही. मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड मलम रात्री एकदा लावायचो, तिसऱ्या रात्री झोप लागली. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात आणि त्याला कारणही आहे. गोरं दिसण्यासाठी किंवा गजकर्णावर हीच मलमं कुणालाही न विचारता महिनोन्‌महिने चोळून कितीतरी जणांचे चेहरे बिघडले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती त्यामुळेच. पण ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस लावून माझी कातडी तरी पातळ झाली नाही.

माझं घोडं अडलं ते मापावर. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन हिशोब केला. एका हाताला तीन रेघा, कमरेखालपर्यंतच्या पाठीला सात. दोन हात आणि पाठ मिळून तेरा, म्हणजे साडेसहा ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसही पुरत नाही, आणि मी ती पंधरा दिवस पुरवत होतो! ‘मलम लागू पडत नाही’ ही माझी तक्रार मलमावर अन्याय करणारी होती.

मग नीट माप घेऊन लावलं. हात दोन आठवड्यांत निवळले. पाठ मात्र राहिली, कारण मी एकटा राहतो आणि दोन खांद्यांच्या मधल्या जागेवर माझा हात पोचत नाही. लांब दांड्याच्या स्पंजने प्रयत्न केला, तर निम्मं मलम स्पंजच पिऊन टाकायचा. रोज रात्री आरशाकडे पाठ करून, मान वळवून ती जागा शोधायची, सकाळी सदऱ्याला तेलकट डाग. आजाराने नाही, या रोजच्या खटाटोपाने मी जेरीस आलो.

प्रकाशोपचारात केबिनमध्ये नुसतं उभं राहायचं. डोळ्यांना गॉगल, गुप्तांग झाकलेलं, भोवती नॅरोबँड यूव्हीबीच्या, म्हणजे ठरावीक अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्या. तरंगलांबी ३११ नॅनोमीटरच्या आसपास. पहिलं सत्र मिनिटभराचंही नव्हतं. पुढे डोस हळूहळू वाढवत नेतात. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. सुरुवातीला त्वचा कोरडी पडली, एकदा लाल झाली तेव्हा डोस तिथेच थांबवला. महिनाभर काही फरक वाटेना. पाचव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री पाठ भिंतीला घासली नव्हती.

तोटे आहेतच. पुण्याच्या वाहतुकीत दोन मिनिटांच्या उपचारासाठी जाऊन-येऊन दीड तास जायचा, आणि प्रवासखर्च धरला तर मलमापेक्षा महाग पडलं. कातडी बरीच काळवंडली, गावी गेलो तर आई म्हणाली, “उन्हातान्हात काम करतोस की काय?” काखेत आणि केसांखाली प्रकाश पोचत नाही, तिथे मलमच लागतं. सायक्लोस्पोरीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर हा मार्ग टाळतात.

तुमची पाठ चोळून देणारं घरी कुणी असेल तर कदाचित तुम्ही मलमच निवडाल, आणि ते चुकीचं ठरणार नाही. तीन महिने वेळ काढता येणार असेल तर मात्र मी प्रकाशाकडे झुकेन. तीस सत्रांनंतर माझी पाठ आठ महिने स्वच्छ राहिली. मलमाने निवळलेली जागा ते थांबवल्यावर तीन आठवडेसुद्धा तशी राहत नव्हती. अजूनही हातावर चट्टा उठला की ट्यूब काढतोच.

केबिन संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालू असते, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. ऑफिसमुळे माझी लागोपाठ चार सत्रं बुडली, आणि चढवत नेलेला डोस पुन्हा खाली आणावा लागला.