पादचारी पूल की उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग?

रस्ता ओलांडताना अपघात झाला की पहिली मागणी येते ती पुलाची, आणि पूल दिसतो पण भारी, उद्घाटनही होतं, पण वापरतं कोण? दोन मजले चढून परत उतरायचं, तेही गुडघे दुखणाऱ्या आजींनी किंवा बाबागाडी घेतलेल्या आईने, त्यापेक्षा लोक सरळ खालूनच पळतात, आणि गाडीवाल्याला वाटतं की आता पूल आहे म्हणजे खाली कोणी नसणारच, त्यामुळे तो अजून जोरात. लिफ्ट लावली तरी ती चालू असली पाहिजे ना!

उंच क्रॉसिंग म्हणजे झेब्राचे पट्टेच, फक्त रस्ता तिथे फूटपाथच्या लेव्हलला आणलेला. चालणारा सरळ जातो, व्हीलचेअरलाही उतार-चढ नाही, चढायचं ते गाडीने, त्यामुळे तिला स्लो व्हावंच लागतं. खरा मुद्दा स्पीडचाच आहे, डब्ल्यूएचओ म्हणतं सरासरी वेग १% वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४% वाढतो, आणि रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेतल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसं नि गाड्या एकत्र असतात तिथे ताशी ३० किमीची मर्यादा सुचवलीये. नुसते पट्टे रंगवून मात्र कोणी थांबत नाही, रात्री लाईटही हवाच, आणि पाणी तुंबू नये म्हणून कडेचा निचरा नीट करावा लागतो.

हायवे किंवा रेल्वेलाईन असेल तर पूल किंवा भुयारी मार्ग ठीक, तिथे पर्यायच नाही. गल्ली, शाळा, बाजार इथे माझं मत सरळ उंच क्रॉसिंगला.