गच्चीवरच्या शेडचे खांब: गॅल्व्हनाइझ्ड एमएस की ३१६ स्टेनलेस?

वर्सोवा, माहीम, वरळी अशा समुद्राला लागून असलेल्या भागात सोसायटीच्या गच्चीवर शेड घालायची आणि वर सोलर पॅनेल बसवायची म्हटली की खांबांचा प्रश्न येतोच: जस्ताचा थर दिलेल्या साध्या पोलादाचे (गॅल्व्हनाइझ्ड एमएस, म्हणजे माइल्ड स्टील) घ्यायचे की ३१६ या जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. मीटिंगमध्ये चर्चा होते ती गंजाची आणि कोटेशनमधल्या आकड्याची. खांब भाराखाली वाकतो कसा, म्हणजे बकलिंग, हा विषय निघत नाही. पण असे खांब उंचीच्या मानाने बारीक असतात. ते चिरडून जात नाहीत, बाजूला वाकून जातात. म्हणून निवडीची सुरुवात इथूनच करावी, असं मला वाटतं.

कागदावर एमएस पुढे आहे, हे आधीच सांगतो. ८०×८०×४ मिमीचा स्क्वेअर पाइप घ्या, उंची ३ मीटर, दोन्ही टोकं बिजागरीसारखी. एमएसचा वायएसटी ३१० प्रतीचा पाइप (ताकद ३१० मेगापास्कल; मेगापास्कल हे ताणाचं एकक) आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातल्या ‘बी’ वक्राने साधारण १४६ मेगापास्कलला हार मानतो. तोच पाइप ३१६ चा, २०५ मेगापास्कल प्रूफ स्ट्रेसचा (ज्या ताणाला धातू ०.२ टक्के कायमचा लांबतो तो ताण), युरोकोड ३ या युरोपीय मानकाच्या स्टेनलेसवरच्या भागाने (१-४) तपासला तर १२२ येतात. सुरक्षा गुणक दोन्हीकडे लावलेले नाहीत. म्हणजे मूळ ताकदीत एक तृतीयांशाचा फरक, पण वाकण्यात फक्त एक षष्ठांशाचा. उंची साडेचार मीटर केली की ७७ विरुद्ध ६९ उरतात. खांब जितका सडपातळ तितकी ताकद मागे पडते आणि कडकपणा पुढे येतो. सडपातळ खांब किती भाराला वाकेल हे सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रात ताकद येतच नाही, आणि कडकपणा दोन्ही धातूंचा जवळपास सारखा, २०० गिगापास्कलच्या आसपास. याच कारणाने कुणी डुप्लेक्स २२०५ हे जास्त ताकदीचं स्टेनलेस सुचवलं तर मी थांबवतो. ४५० मेगापास्कलचा माल, पण त्याच ३ मीटरच्या खांबाला तो १५४ पर्यंतच नेतो. दुपटीहून जास्त ताकद घेऊन सव्वापट काम.

स्टेनलेसच्या दोन खोडी मात्र माहीत हव्यात. पहिली, त्याला एमएससारखा ठळक यील्ड पॉइंट (जिथून धातू कायमचा वाकायला लागतो तो टप्पा) नसतो. ताण वाढत जातो तसा तो आधीपासूनच हळूहळू मऊ पडतो, आणि प्रूफ स्ट्रेसला पोचेपर्यंत त्याचा स्पर्शिका-मापांक, म्हणजे त्या ताणाला उरलेला कडकपणा, मूळच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आलेला असतो. मधल्या सडपातळपणाच्या खांबांना हे सगळ्यात जास्त भोवतं. आयएस ८०० ची सूत्रं कार्बन स्टीलसाठी बेतलेली आहेत. त्यात नुसता २०५ घालून आकडा काढणाऱ्या डिझायनरला हे जरूर विचारा. अगदी आखूड, जाड खांबात उलट स्टेनलेस या सूत्रांच्या अंदाजापेक्षा सरस ठरतं, पण गच्चीवर तसे खांब कोण लावतो?

दुसरी खोड वेल्डिंगची. ३०४-३१६ या जातींची स्टेनलेस उष्णतेने एमएसपेक्षा जास्त प्रसरण पावतात आणि उष्णता वाहून नेण्यात फार मंद असतात. एकाच बाजूने घाईत वेल्ड मारला की खांबाला बाक येतो, आणि बाक घेऊन उभा राहिलेला खांब लवकर वाकतो. ३ मीटरला ३ मिमीपेक्षा जास्त बाक मी घेत नाही. दोरी ताणून दोन्ही बाजूंनी बघायचं, मग ओळंबा.

एवढं असूनही माझं पारडं स्टेनलेसकडे झुकलं, ते बेसप्लेटमुळे, म्हणजे खांबाच्या तळाच्या प्लेटमुळे.

गॅल्व्हनायझिंग चांगलं झालं असेल तर ५ मिमीच्या वरच्या पोलादावर जस्ताचा थर साधारण ८५ मायक्रॉनचा असतो, आणि तो भक्कम असतो. पण आपल्या इमारतींमध्ये अख्खा खांब लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याच्या वळणावर अडतो. मग तो कापून वर नेतात आणि गच्चीवर जोडतात. अँकर बोल्टची भोकं जुळत नाहीत, वेल्डर ती गॅसने मोठी करतो. जिथे जिथे ज्योत लागली तिथलं जस्त जळून जातं, वर चंदेरी स्प्रे मारला जातो आणि फोटो काढला जातो. पुढच्या पावसाळ्यात पाणी साचतं ते नेमकं तिथेच, प्लेटखाली भरलेल्या सिमेंटच्या, म्हणजे ग्राउटच्या, कडेला. मी पाहिलेल्या गंजलेल्या खांबांत वरचा भाग बहुधा ठणठणीत असतो. गेलेला असतो तो तळाचा वीतभर.

तो वीतभर भाग बकलिंगचा हिशेबच बदलतो. डिझाइनमध्ये पाया पक्का आणि वरचं टोक बिजागरी धरलं तर परिणामी लांबी (बकलिंगच्या हिशेबात धरायची लांबी) मूळच्या ०.८ पट. पाया सैल होऊन बिजागरीसारखा झाला की ती १.० होते, आणि ऑयलरचा भार ३६ टक्क्यांनी उतरतो. मधला खांब नवाकोरा दिसत असतानाच! ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, नसलेल्या शेडमध्ये तर पायाच सगळं धरून असतो. एमएसच्या कागदावरच्या आघाडीतलं मग काय उरतं?

खांब अखंड वर चढवता येत असेल, सगळी भोकं आणि वेल्ड जस्तात बुडवण्याआधी झाले असतील आणि गच्चीवर फक्त बोल्ट आवळायचे असतील, तर गॅल्व्हनाइझ्ड एमएस घ्यायला माझी हरकत नाही. समुद्रापासून आत, मुलुंड-भांडुपकडे तर मी तेच सुचवेन. किंमतीतला फरक मोठा आहे, आणि सोसायटीचा पैसा सगळ्यांचा असतो.

स्टेनलेस घेतलंत तर गुलालवाडीच्या धातूबाजारात नुसतं ‘एसएस’ मागू नका. २०० सिरीजचा माल (कमी निकेलचं, स्वस्त स्टेनलेस) ३०४ म्हणून सर्रास खपतो, आणि चुंबक लावून तो ओळखता येत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ड्रॉप टेस्टने, म्हणजे रसायनाचा थेंब टाकून, ते जागच्या जागी कळतं, दुकानदाराला करून दाखवायला सांगा. ठेकेदार साधे जस्त लावलेले अँकर बोल्ट आणेल, ते परत पाठवा. स्टेनलेसच्या प्लेटला लागून खाऱ्या ओलाव्यात ते भराभर खाल्ले जातात आणि पाया पुन्हा सैल होतो. बोल्ट, नट, वॉशर, तिन्ही ३१६ चेच हवेत.