सतराशे रुपयांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर: ऑक्टाव्हिया आरएसवर वापरून

आधी निकाल सांगून टाकतो. सतराशे रुपयांत आलेला हा दोन दांड्यांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या वेढ्यांना हूक अडकवून पान्यानं ती दाबून धरायचं हत्यार, घ्यायला हरकत नाही, पण डब्यातून काढला आणि लावला स्प्रिंगला, असं करायचं नाही. थोडी कानस, भरपूर ग्रीस आणि दोन चांगल्या पिना एवढं जास्तीचं धरूनच घ्या. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, त्यामुळे इथंही नाही. ऑनलाइन मागवला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात मी जुने पाने बिनधास्त घेतो, पण ही वस्तू जुनी घेऊ नये. आधीच्या मालकानं ती कशावर आणि किती ताणली हे बाहेरून कळत नाही.

गाडी म्हणजे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २० व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर. स्पोर्ट्स कारला दोनच दारं पाहिजेत असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, जालना रोडला शेजारी बसवतो. स्कोडाची जुळणी शेंद्र्यात २००१ पासून सुरू झाली आणि ही गाडीही तिथलीच, त्यामुळे आमच्याकडं तिच्यावर हात बसलेली माणसं अजून सापडतात. आधीचा मालक पुण्याचा. त्यानं गाडी खाली बसवायला आखूड स्प्रिंगा टाकल्या होत्या. दिसायला झकास. पण इकडं काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि डांबराला लाटा येतात. वर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि प्रत्येक गावाच्या हौसेचा गतिरोधक. पैठण रोडला गाडीचं पोट घासल्याचा आवाज ऐकून ऐकून कंटाळलो आणि कंपनीच्या मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत घालायचं ठरवलं. मूळ रचनेत बदल केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकते, तीही डोकेदुखी यात मिटली.

मी वाळूजला टूलरूममध्ये आहे. त्यामुळे डबा उघडल्यावर मी पहिल्यांदा आटे बघितले. पिच गेज लावला, दोन आट्यांमधलं अंतर २ मिलिमीटर. म्हणजे पाना एक पूर्ण फिरला की हूक २ मिलिमीटर सरकणार, १० सेंटिमीटर दाबायला प्रत्येक दांडीवर ५० फेरे. दांडी सरळ निघाली. सरफेस प्लेटवर लोळवली, डुगडुगली नाही. कानस हलकी फिरवली तर घसरत गेली, धरली नाही, म्हणजे दांडीला पाणी बऱ्यापैकी दिलंय, तापवून कडक केलीय. इथपर्यंत पैसे वसूल.

हूक मात्र ओतीव. साच्याच्या जोडरेषेवर जो धारदार पापुद्रा उरतो तो चारही हुकांच्या आतल्या बाजूला तसाच होता. नेमकी हीच बाजू स्प्रिंगच्या रंगावर बसते. या धारेनं रंग खरवडला की तिथं गंज धरतो, आणि स्प्रिंग पुढं तुटली तर बहुतेक अशाच ओरखड्यातून तुटते, कारण ताण सगळ्यात जास्त तारेच्या पृष्ठभागावर असतो. अर्धगोल कानशीनं चारही हूक आतून गुळगुळीत केले, वर बारीक पॉलिश पेपर मारला. काही जण हुकाला सायकलची ट्यूब गुंडाळतात. मी गुंडाळत नाही. रबर दबतं, सरकतं, आणि हूक त्याच्याबरोबर सरकतो. रंग उडालाच तर नंतर ब्रशनं लावता येतो.

हूक स्प्रिंगवर बसला की त्याच्या तोंडाशी आडवी पिन घालायची, म्हणजे तार बाहेर निसटत नाही. आलेल्या चार पिनांपैकी दोन भोकात खुळखुळत होत्या, उलटं धरलं की गळून पडायच्या. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘सर, पिन ऑप्शनल आहे.’ या उत्तरासाठीच मी एक तारा कापलाय. पिन नसेल तर हा सेट वापरायचाच नाही, असं डब्यावर ठळक छापायला पाहिजे. प्रत्यक्षात डब्यात कागदाचा कपटासुद्धा नव्हता. मी लेथवर दोन पिना बनवून घेतल्या. तुम्ही भोकात घट्ट बसेल असा बोल्ट आणि लॉकनट घातला तरी भागतं.

हे एवढं का, त्याचा हिशोब करून बघा. २५ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणाची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की जोर होतो २५०० न्यूटन, म्हणजे साधारण अडीचशे किलो. आत साठलेली ऊर्जा १२५ जूल: १० किलोचं वजन सव्वा मीटरवरून पायावर पडावं एवढी. दोन दांड्या असल्यानं एकीवर सव्वाशे किलोच येतात, आणि एवढ्या जाडीची दांडी त्याच्या कितीतरी पट पेलते. दांडी तुटत नाही; घसरतो तो हूक. म्हणून या सेटचा सगळा विचार हुकाशी आणि पिनेशी येऊन थांबतो, आणि बनवणाऱ्यानं हात आखडता घेतलाय तोही तिथंच.

कामाकडं येतो. मदतीला भाचा होता, आयटीआयला मोटर मेकॅनिक करतोय. गाडी घोड्यांवर (स्टँडवर), चाकं काढली, लिंक रॉड सोडला, एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज स्ट्रटवरून, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडखांबावरून, मोकळा केला. या गाडीत स्ट्रट नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या ओतीव भागाच्या) फटीत आवळलेला असतो. नुसता बोल्ट काढून तो सुटत नाही, फट थोडी फाकवावी लागते. त्यासाठी चपटा बिट फटीत घालून ९० अंश फिरवायचा. वरचा नट २१ च्या गोटीचा (सॉकेटचा), पण तो फिरवताना आतला रॉडही फिरतो, म्हणून ७ ची एल-की मधून घालून रॉड धरायचा. साध्या गोटीतून एल-की जाणार कशी? मधून आरपार भोक असलेली गोटी वेगळी घ्यावी लागते. या सेटमध्ये ती नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

आखूड स्प्रिंगा काढताना कॉम्प्रेसरची फारशी कसोटी लागली नाही. त्या मुळातच बुटक्या, त्यामुळे शॉकअप पूर्ण लांब झाला की त्यांच्यात दाब जेमतेम उरतो. थोडे फेरे दिले आणि भाचा म्हणाला, “मामा, ही तर हातानंच फिरायलीय की!” स्प्रिंग बैठकीत हातानं मोकळी फिरते तेव्हाच वरचा मधला नट सोडायचा, त्याआधी त्या नटाला पाना लावायचासुद्धा नाही. अडचण आली ती वेगळीच. आखूड स्प्रिंगच्या एका टोकाचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथं हुकाचं जाड तोंड शिरत नाही. हूक मधल्या सुट्या वेढ्यांवरच धरावे लागतात. या सेटचं हुकाचं तोंड दोन-तीन मिलिमीटरनं बारीक असतं तर बरं झालं असतं.

खरी परीक्षा मूळ स्प्रिंगा घालताना. त्या लांब, आणि कॉम्प्रेसर शेवटपर्यंत आवळावा लागतो. दोन्ही दांड्या बरोबर समोरासमोर पाहिजेत, दोन्हीकडं सारखेच वेढे धरलेले पाहिजेत आणि एका बाजूला चार फेरे दिले की दुसऱ्या बाजूला चार. एक बाजू पुढं गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हूक तारेवरून गोल सरकायला लागतात. ओतीव असले तरी हे हूक सरकले नाहीत. प्रत्येक हुकाशेजारी तारेवर मी खडूनं रेघ मारली होती. आवळून झाल्यावर रेघा जागच्या जागी. यावर मात्र मनापासून खूश.

दांडी मात्र गरजेपेक्षा लांब आहे. डोकं, म्हणजे पाना बसतो ते टोक, खाली ठेवून लावली की जसजसं आवळावं तसतशी शेपटी वर वाढत जाते. “मामा, दांडी वर माउंटिंगला टेकायलीय बघा,” भाच्यानं सांगितलं. सेट उलटा करून डोकं वर आणि शेपटी खाली केली की प्रश्न सुटतो, पण मग डोक्यावर पाना बसवायला जागा कमी पडते आणि रॅचेट दोन-दोन दात्यांनी पुढं न्यावा लागतो. हाताला फोड येतो. वाळूजमधल्या कुठल्याही वर्कशॉपात दांडी कापून देतील, पण मग जीपच्या लांब स्प्रिंगला ती पुरणार नाही. मी कापली नाही.

इम्पॅक्ट गनचा मोह आवरा. आमच्या गल्लीतले एक दाजी गन घेऊन हजर झाले होते, त्यांना चहा पाजला. गननं आटे तापतात, कोरडे असले तर एकमेकांत चिकटतात, आणि एक बाजू कधी पुढं गेली हे कळतच नाही. सेट आला तेव्हा आटे कोरडे खडखडीत होते. काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस आट्यांना आणि डोक्याखालच्या वायसरला भरपूर फासलं, तेव्हा कुठं हातानं आवळण्याजोगं झालं. काम संपल्यावर पुसून परत फासून ठेवा. उन्हाळ्यातली धूळ त्यात बसली की पुढच्या वेळी पॉलिश पेपरनं घासल्यासारखे आटे झिजतात.

मागच्या चाकांना हा सेट लागतच नाही, आणि विकणारे हे सांगत नाहीत. या ऑक्टाव्हियाला मागं टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. बीमखाली जॅक लावायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, जॅक हळूहळू उतरवायचा, स्प्रिंग हातात येते. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, तेवढं बघायचं. शॉकअपचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, नाहीतर त्यातला रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. पुढच्या स्ट्रटला खालच्या बैठकीत स्प्रिंगचं टोक अडणीला टेकलंय का ते बोटानं चाचपा. लॉकनट नवे घाला. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर. मग अलाइनमेंट.

दौलताबादच्या घाटानं खुलताबादला जाऊन आलो. गाडी वळणावर आधीपेक्षा थोडी कलते, हे खरं. पण गतिरोधकावर तिरकी घालावी लागत नाही, आणि मागं बसलेल्या आईनं पहिल्यांदाच पूर्ण रस्ताभर कमरेबद्दल एक शब्द काढला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. दांडीला पूर्ण गुण, हुकाला अर्धे, पिनेला शून्य. आयुष्यात एकदाच स्प्रिंगा बदलायच्या असतील तर घेऊ नका. स्ट्रट काढून डिकीत टाका, चांगल्या गॅरेजमध्ये भिंतीला ठोकलेला मोठा कॉम्प्रेसर असतो, तिथं बदलून आणा. ज्यांच्या हाताला कानशीची सवय आहे आणि दारात एकापेक्षा जास्त गाड्या आहेत त्यांनी घ्यावा. आणि बुलेटचे मागचे शॉकअप यानं उघडतात का, असं गल्लीत दोघातिघांनी विचारलं. नाही उघडत. त्या वेढ्यांत हे हूक शिरतच नाहीत, त्यासाठी वेगळा बारका सेट मिळतो.