‘लाईव्ह’ वर्डप्रेस कोर्सच्या नावाखाली झालेली फसवणूक

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्यांनी आणि वेबसाईट बनवायला शिकायचं म्हणून ऑनलाईन कोर्स शोधणाऱ्यांनी हे पैसे भरायच्या आधी वाचावं, एवढ्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

बार्शीत माझा छोटा क्लास आहे. टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी असं चालतं. अलीकडे मुलं विचारायला लागली होती, “मॅडम, वेबसाईट बनवायला शिकवता का?” मला वर्डप्रेस, म्हणजे वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर, येतं, पण बाकीच्या बॅचेस सांभाळून नवा अभ्यासक्रम उभा करायला वेळ नव्हता. म्हणून पुण्यातल्या एका कंपनीचं तयार पॅकेज घेतलं. प्रकरण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे नाव देत नाही. माझ्याकडून सेंटर फी ३५,००० रुपये, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ४,५०० रुपये थेट त्यांच्या लिंकवर भरायचे. बदल्यात मराठीतून लाईव्ह वर्ग, शंकांना तिथल्या तिथे उत्तर, प्रत्येकाला सरावासाठी स्वतंत्र साईट आणि शेवटी प्रत्येकाच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता. हे सगळं मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं होतं. डेमोही मुलांना सोबत घेऊन पाहिला. डेमोतले सर फार छान शिकवत होते. एका मुलाने विचारलं, प्लगिनमुळे, म्हणजे साईटला जास्तीची सोय जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, साईट बंद पडली तर काय करायचं? त्यांनी खरोखरच साईट पाडून, फाईल मॅनेजरमधून त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलून ती परत उभी करून दाखवली. तो डेमो बघूनच मुलांनी पैसे भरले. ते सर नंतर एकाही वर्गात आले नाहीत.

वर्ग सुरू झाला तेव्हा पडद्यावर कोपऱ्यात लाल ‘लाईव्ह’ची पट्टी होती, बाजूला चॅट पळत होतं, ‘गुड इव्हिनिंग सर’, ‘समजलं सर’. आमच्या मुलांनी लिहिलेले प्रश्न मात्र त्या चॅटमध्ये दिसतच नव्हते. “शंका नोट केली आहे, टीम संपर्क करेल,” असा एकच ठरलेला निरोप यायचा. नेटचा प्रॉब्लेम असेल म्हणून आधी आम्ही राऊटर तपासला.

खरा प्रकार उघडा पडला तो वर्डप्रेसच्या पडद्यावरून. सर सांगत होते, इथे मोठ्या चौकटीत मजकूर लिहा, वरच्या पट्टीतून ठळक करा. मुलांच्या पडद्यावर तशी चौकट नव्हतीच. त्यांच्यासमोर ब्लॉक आणि अधिकचं चिन्ह. मजकूर, फोटो असे सुटे तुकडे जोडून पान लिहायचा हा ब्लॉक एडिटर वर्डप्रेसमध्ये आला तो ५.० आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये; त्याआधी एकच मोठी चौकट असायची. मी व्हिडिओ मोठा करून पाहिला. डॅशबोर्डच्या, म्हणजे वर्डप्रेसच्या आतल्या कामाच्या पानाच्या, तळाशी उजव्या कोपऱ्यात वर्डप्रेसची आवृत्ती बारीक अक्षरात लिहिलेली असते. तिथे ४.९ होतं. म्हणजे कित्येक वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग ‘लाईव्ह’ म्हणून चालवलं जात होतं, आणि ते चॅटसुद्धा रेकॉर्डिंगचाच भाग होतं. पुढच्या बॅचला त्याच मिनिटाला तेच ‘समजलं सर’ आलं, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही. मेनू कसा लावायचा, फोटोचा आकार कसा कमी करायचा, हे रेकॉर्डिंगमधून उलट चांगलं शिकता येतं, कारण थांबवून परत बघता येतं. पण ते रेकॉर्डिंग म्हणून, रेकॉर्डिंगच्या भावात विकावं. लाईव्हचे पैसे मोजायचे ते मुलाचं जिथे अडलंय तिथे कुणीतरी बघणारं असावं म्हणून. वेबसाईटचं सॉफ्टवेअर शिकताना अडणं हाच शिकण्याचा मोठा भाग असतो. पासवर्ड विसरतो, थीम, म्हणजे साईटच्या रूपाचा साचा, बदलली की मेनू गायब होतो, ‘क्रिटिकल एरर’ची ओळ येते आणि पोरगं घाबरतं. तेव्हा बाजूला माणूस नसेल तर ते पोरगं दुसऱ्या दिवशी येत नाही. माझी काही मुलं अशीच गळाली, आणि त्याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला.

सरावाच्या साईटचंही तसंच. मुलांना जे लॉगिन दिलं होतं त्यात डावीकडच्या यादीत ‘प्लगिन्स’ हा पर्यायच नव्हता. साईटचं रूप बदलायचं ‘अपिअरन्स’ही नव्हतं. वर्डप्रेसमध्ये वापरकर्त्याचे दर्जे असतात, आणि यांनी सगळ्यांना ‘एडिटर’ करून ठेवलं होतं. एडिटरला पोस्ट आणि पानं लिहिता येतात. थीम बदलणं, प्लगिन टाकणं, साईट एक्सपोर्ट करून घेणं हे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चं काम. म्हणजे वेबसाईट बनवायला शिकण्यासाठी पैसे भरले आणि मिळाली फक्त लिहिण्याची परवानगी. केलेलं काम बाहेर काढायची सोयही बंद.

पावतीवर आणखी एक ओळ होती: ‘वर्डप्रेस सॉफ्टवेअर लायसन्स, १,५०० रुपये’. वर्डप्रेस २००३ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली फुकट मिळतं. कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं. होस्टिंगला, म्हणजे साईट इंटरनेटवर ठेवायच्या जागेला, पैसे लागतात, डोमेनला लागतात, काही थीम आणि प्लगिन विकत असतात. खुद्द वर्डप्रेसचं लायसन्स विकणारा माणूस समोर आला तर तिथेच व्यवहार थांबवा.

सगळ्यात वाईट झालं ते एका मुलीच्या बाबतीत. तिने वडिलांच्या डाळ मिलची साईट मनापासून केली होती. तूरडाळीचे फोटो स्वतः काढले, मराठीत मजकूर लिहिला, डाळीच्या दराची चौकट रोज बदलता येईल अशी केली. कंपनीने त्या साईटवर पान सहज रचता यावं म्हणून असलेलं एक महागडं ‘पेज बिल्डर’ प्लगिन टाकून दिलं होतं, ‘मोफत भेट’ म्हणून. ती चोरून कुलूप तोडलेली प्रत होती, या धंद्यात तिला ‘नल्ड’ म्हणतात. अशा प्रतींत बऱ्याचदा घातक कोड लपवलेला असतो. थोड्याच दिवसांत मोबाईलवरून तिची साईट उघडली की ऑनलाईन सट्ट्याच्या जाहिरातीवर जायला लागली. मिलच्या गिऱ्हाइकांनी तिच्या वडिलांना फोन केले. कंपनीचं म्हणणं, “मॅडम, तुमच्या स्टुडंटने काहीतरी क्लिक केलं असेल.” प्लगिन टाकायचा अधिकारच जिला दिला नव्हता, तिच्यावर हे ढकललं.

आता मी स्वतः शिकवते. पहिल्या दिवशी वर्डप्रेस प्लेग्राऊंड उघडते. ब्राऊझरमध्येच वर्डप्रेस चालू होतं, होस्टिंग नको, खातं नको, आणि प्रत्येक मुलगा आपल्या साईटचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सेव्ह न करता टॅब बंद केला तर काम जातं, हे मात्र आधीच सांगावं लागतं. पुढच्या सरावाला एक्सॅम्प (XAMPP) आहेच, स्वतःच्या कॉम्प्युटरवरच वर्डप्रेस चालवू देणारं फुकट सॉफ्टवेअर. वाचायला आणि बघायला वर्डप्रेसवाल्यांचंच ‘लर्न वर्डप्रेस’ आहे, फुकट. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची पद्धत मला फार पटली: छोटा व्हिडिओ, तो थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, मग पुढे जायचं. त्यांचे बरेच पाठ मराठी आवाजातही आहेत. ड्रुपल हे वेबसाईट बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर त्याचीही मालिका तिथे आहे. मुलं घरून जोडली जातात तेव्हा जित्सी या व्हिडिओ कॉलच्या फुकट अ‍ॅपवर मी माझा नाही, त्यांचा पडदा शेअर करायला लावते.

तुम्ही कुठलाही लाईव्ह कोर्स घेणार असाल तर डेमोत नाही, चालू बॅचच्या मधल्या एखाद्या वर्गात बसू द्या म्हणावं, आणि तिथे चॅटमध्ये काहीतरी विचारून बघावं. शिकवणाऱ्याने तुमचा प्रश्न तोंडाने वाचला पाहिजे. सरावाचं लॉगिन पैसे भरायच्या आधी मागावं. डोमेन तुमच्याच नावाने आणि तुमच्याच ईमेलवर नोंदवलं जाईल, हे लेखी घ्यावं. ‘पुढच्या दहा मिनिटांत सीट संपतील’ असं घड्याळ पडद्यावर पळत असेल तर पान बंद करावं. अशी खोटी घाई करायला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे.

आमच्या मुलांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रारी नोंदवल्या, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, पावत्या आणि ४.९ दिसणारा तो फोटो जोडून. काहींचे पैसे परत आले. उरलेल्यांची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची तयारी चालू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. माझी सेंटर फी अडकलेलीच आहे. डाळ मिलचं डोमेन कंपनीने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, ते सोडायला आता वेगळे पैसे मागताहेत. त्या मुलीने ते दिले नाहीत. नवीन डोमेन स्वतःच्या नावाने घेतलं, साईट पहिल्यापासून उभी केली, आणि जुना पत्ता छापलेल्या पिशव्यांवर सध्या नव्या पत्त्याचं स्टिकर चिकटवणं चालू आहे.